घरच्या बकऱ्या : पहिला पैसा पंधरा महिन्यांनी, खर्च मात्र पहिल्या दिवसापासून

खापरखेडा (ता. सावनेर) : वीज केंद्र, भोवतीच्या कोळसा खाणी आणि ठेकेदाराकडची कामं, यावर खापरखेडा परिसरातल्या अनेक घरांची चूल पेटते. ठेका संपला किंवा ड्यूटी कमी झाली की घरात जोडधंद्याचा विषय निघतो आणि तो फिरून फिरून बकऱ्यांवर येतो. "बकरी पोसाले काय लागते? चरून येते," असं कोणीतरी म्हणतंच. मग बचत गटाचं कर्ज, थोडे घरातले पैसे किंवा एखादा दागिना मोडून दहा-बारा बकऱ्या एकदम दारात येतात. त्यातल्या बऱ्याच पुढच्या पोळ्याला दिसत नाहीत. काही झडीत मरतात, काही हप्ता भरायला विकल्या जातात.

जनावरं वाईट निघाली म्हणून हे होतं असं नाही. जनावर आधी आलं आणि शिकणं नंतर सुरू झालं, म्हणून होतं. शेळीपालन (गावात सगळे बकरीच म्हणतात, म्हणून पुढेही बकरीच) हा कमी भांडवलाचा धंदा खरा, पण त्याला स्वतःचं वेळापत्रक आहे आणि ते बँकेच्या वेळापत्रकाशी जुळत नाही.

हिशेब साधा आहे. बाजारातून रिकामी म्हणजे गाभण नसलेली बकरी आणली, तर तिला नव्या जागेत रुळायला आणि माजावर येऊन फळायला महिना तरी जातो. त्यानंतर गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, म्हणजे पाच महिने. पिल्लू विकण्याजोगं व्हायला आणखी आठ-नऊ महिने. एकूण पंधरा महिने. तीन महिन्यांची गाभण बकरी आणली तरी पहिल्या विक्रीला अकरा महिने लागतातच. कर्जाचा हप्ता मात्र दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून सुरू होतो. हप्ता कुठून भरायचा याचं उत्तर आधी ठरलेलं नसेल, तर उन्हाळ्यात चारा संपताच एकेक गाभण बकरी बाजारात जाते. पिल्लांचा पैसा येण्याआधीच पिल्लं देणारी विकली जाते.

बकरीला 'चालतं-फिरतं एटीएम' म्हणायची पद्धत पडली आहे. या एटीएममध्ये पहिलं सव्वा वर्ष फक्त पैसे भरावे लागतात, हे सांगणारे कमी भेटतात.

किती बकऱ्यांपासून सुरुवात?

पूर्वी कधी बकरी सांभाळली नसेल, तर दोन किंवा तीन पुरेत. एकटी बकरी ठेवू नये. ती कळपातलं जनावर आहे, एकटी ओरडत राहते आणि नीट खात नाही. तीन बकऱ्यांसाठी बोकड पाळायचीही गरज नाही. एक बोकड वीस-पंचवीस बकऱ्यांना पुरतो. तिघींसाठी वर्षभर त्याला खाऊ घालणं परवडत नाही. गावातल्या कोणाचा चांगला बोकड आहे ते पाहून ठेवावं आणि माजावर आलेली बकरी त्याच्याकडे न्यावी. मात्र तो बोकड आपल्या बकरीचा बाप किंवा भाऊ नाही ना, एवढं विचारून घ्यावं. गावोगाव पिल्लं लहान आणि मरतुकडी होत जाण्याचं एक मोठं कारण तेच आहे, एकाच रक्तातला बोकड वर्षानुवर्षं फिरत राहतो.

इथे सरकारी योजनेची एक अडचण समजून घ्यायला हवी. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत १० बकऱ्या आणि १ बोकड असा गट मिळतो. सर्वसाधारण लाभार्थ्याला ५० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लाभार्थ्याला ७५ टक्के अनुदान असतं, अर्ज महाबीएमएस या संकेतस्थळावर ऑनलाइन करायचा असतो. अनुदान चांगलंच आहे. पण नवख्या घरात एका दिवशी अकरा जनावरं येणं म्हणजे पोहायला शिकण्याआधी कन्हानच्या डोहात उतरणं. ज्यांना योजना घ्यायची आहे, त्यांनी अर्ज भरण्याच्या वर्षीच दोन-तीन बकऱ्या घेऊन हात बसवून घ्यावा. निवड होऊन गट हातात येईपर्यंत बराच काळ जातोच, तो काळ वाया घालवू नये. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० बकऱ्या आणि ५ बोकडांच्या प्रकल्पाला ५० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे. मोबाईलवरच्या व्हिडिओंमध्ये याच योजनेचा जास्त बोलबाला असतो. ती मुरलेल्या माणसाची योजना आहे. पहिल्या वर्षी तिच्या मागे लागू नये.

आधी कुटार, मग बकरी

विकत घ्यायचा महिना महत्त्वाचा आहे. जून-जुलैमध्ये हिरवं दिसतं म्हणून लोक तेव्हा बकऱ्या आणतात. बाजारातला त्रास, गाडीतला प्रवास, नवी जागा आणि वरून पाऊस, हे सगळं एकाच आठवड्यात जनावरावर येतं. त्यापेक्षा दिवाळीच्या आसपासचा काळ बरा. पाऊस थांबलेला असतो, बांधावर पाला असतो आणि मुख्य म्हणजे सोयाबीनचं कुटार तेव्हाच निघतं.

कुटाराचा हिशेब बकरी आणण्याआधी कागदावर मांडावा. साधारण ३० किलो वजनाच्या बकरीला दिवसाला ढोबळ मानाने ३ किलो हिरवा पाला-चारा, अर्धा किलो कुटार आणि पाव किलोपर्यंत खुराक लागतो. फेब्रुवारी संपला की हिरवं जवळजवळ बंद होतं, ते पाऊस पडेपर्यंत. हे सुमारे १२० दिवस. त्या काळात कुटार बकरीमागे किलोभर धरावं, वाढत्या पिल्लाला अर्धा किलो. तीन बकऱ्या आणि तीन पिल्लं असतील तर दिवसाला साडेचार किलो, म्हणजे १२० दिवसांना ५४० किलो. साडेपाच क्विंटल कुटार कुठे ठेवणार आणि कुठून आणणार, याचं उत्तर असेल तरच तीन बकऱ्या.

सावनेर-पारशिवनीच्या पट्ट्यात कुटाराची वाण नाही. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन, जानेवारी-फेब्रुवारीत तूर, त्यामागून हरभरा. कित्येक शेतांत सोयाबीनचं कुटार पडून राहतं किंवा पेटवून दिलं जातं. ज्याच्याकडे शेती नाही त्यानेही मळणीच्या दिवसांत शेतकऱ्याशी बोलून ठेवलं, तर उचलण्याच्या आणि वाहतुकीच्या खर्चात ते मिळू शकतं. उन्हाळ्यात तेच पैसे मोजून घ्यावं लागतं. तिन्हींमध्ये बकरीला तुरीचं कुटार सगळ्यात मानवतं, कारण त्यात वाळलेला पाला आणि शेंगांची टरफलं जास्त असतात. साठवताना खाली लाकडं टाकून जमिनीपासून उंच ठेवावं आणि ताडपत्रीने झाकावं. भिजून बुरशी आलेलं कुटार किंवा काळी पडलेली ढेप "थोडीच आहे, खाऊन टाकतील" म्हणून घालू नये. बुरशीचं विष डोळ्याला दिसत नाही, पण ते यकृतावर बसतं.

खुराकात तुरीची चुनी, गव्हाचा कोंडा, मका आणि थोडी सरकी ढेप चालते. सोबत खनिज मिश्रण आणि मीठ. घरामागे एक-दोन गुंठे जागा आणि न्हाणीचं पाणी असेल, तर तिथे नेपिअरची ठोंबं आणि कडेने शेवरी, हादगा, सुबाभूळ लावावं. सुबाभूळ बकऱ्या आवडीने खातात, पण हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त देऊ नये, त्यात मिमोसिन नावाचा अपायकारक घटक असतो. अझोल्याचा बराच गाजावाजा होतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा अझोल्याचं टाकं जपणं हीच एक वेगळी नोकरी होते. हौस असेल तर करावं, त्यावर चाऱ्याचं गणित मांडू नये.

चराईची गोष्ट वेगळी. या भागात मोकळं रान कमी होत चाललं आहे. खाणींची जागा, राख तलाव, रेल्वे लाइन, वस्त्या यांमधून जे उरतं त्यावर सगळ्या गावाची ढोरं-बकऱ्या चरतात. पारशिवनी तालुक्यातल्या नांदगावच्या राख तलावाचा प्रश्न २०२२ मध्ये राज्यभर गाजला, तेव्हा राखेचा विषय सगळ्यांच्या तोंडी होता. बकरी पाळणाऱ्याने त्यातून घ्यायचं ते इतकंच : राख तलावाच्या काठचं किंवा कोळशाच्या ट्रकच्या रस्त्यालगतचं गवत, ज्यावर राखेचा-धुळीचा थर दिसतो, तिथे चारू नये आणि साचलेलं पाणी पाजू नये. तिथला पाला आणायचीच वेळ आली तर झटकून, धुऊन द्यावा.

दुसरा धोका बेशरमचा. नाल्याकाठी, तलावाच्या कडेला जांभळट फुलांची ही झुडपं सगळीकडे माजली आहेत. ढोरं तिला तोंड लावत नाहीत, पण उन्हाळ्यात दुसरं हिरवं नसलं की बकरी खाते, आणि एकदा खायला लागली की तिला त्याची चटक लागते. मग मान थरथरते, मागचे पाय लुळे पडतात, बकरी खंगत जाते. यावर नेमकं औषध नाही. झुडपं असलेल्या बाजूला न नेणं हाच उपाय. ज्वारीची कोवळी धाटंही तशीच, पावसाने ताण दिलेल्या शेतातली असतील तर 'किराळ' लागून जनावर तासाभरात जाऊ शकतं.

आणि लग्नसराईतला भात. मांडवातला उरलेला भात, पोळ्या, बुंदी टोपलंभर बकरीसमोर ठेवली जाते. पोटात आंबून आम्ल तयार होतं, बकरी दात खाते, आडवी होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेली सापडते. हे प्रेमापोटी होतं, म्हणूनच सांगूनही थांबत नाही.

बाजारात काय बघायचं

जात कोणती घ्यावी यावर गावात तास-तास चर्चा होते. उस्मानाबादी चांगली, पण ती मूळची धाराशिव-लातूरकडच्या कोरड्या भागातली. विदर्भाची स्वतःची बेरारी ही जात आहे. अकोला-अमरावतीपासून नागपूरपर्यंत आढळणारी, तांबूस-तपकिरी अंगाची, इथल्या उन्हाला आणि पाल्याला सरावलेली. करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोत तिची नोंद आहे. आपल्याच पंचक्रोशीतली, जिची आई आणि घर आपण पाहिलं आहे अशी बकरी, लांबून ट्रकने आलेल्या देखण्या बकरीपेक्षा पहिल्या वर्षी जास्त टिकते. सिरोही-बीटलचा विचार नंतर करता येतो.

वय दातांवरून कळतं. खालच्या जबड्यात पुढे आठ दात असतात. साधारण सव्वा वर्षाच्या सुमारास मधले दोन दुधाचे दात पडून मोठे येतात, ती दोन दाती. दोन वर्षांच्या आसपास चार दाती, पुढे सहा, आणि साडेतीन-चार वर्षांत आठही पूर्ण. नवख्याने दोन ते चार दाती घ्यावी. आठही दात झिजलेली स्वस्त बकरी म्हणजे दुसऱ्याने टाकून दिलेलं काम. सड दोन आणि मोकळे आहेत ना, कासेत गाठ नाही ना, शेपटीखाली हगवणीचा डाग नाही ना, नाक वाहत नाही ना, चालताना पाय टाकते कशी, हे सगळं हात लावून पाहावं. "गाभण आहे" हे विकणाऱ्याच्या तोंडचं वाक्य किमतीचा भाग असतं. शंका असेल तर जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावं.

वजनाचा एक उपाय शिंप्याच्या टेपने होतो. पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर इंचांत मोजायचा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत घ्यायची. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलोतलं अंदाजे वजन. घेर २८ आणि लांबी २५ असेल तर २८ × २८ × २५ = १९,६००, भागिले ६६०, जवळपास ३० किलो. थोडा फरक पडतो, पण व्यापारी उचलून "वीसची आहे" म्हणतो तेव्हा आपल्याकडे आपला आकडा असतो. घेताना जितका उपयोग, त्याहून जास्त विकताना.

आणलेली जनावरं घरात आधी बकऱ्या असतील तर त्यांच्यात लगेच सोडू नयेत. पंधरा ते एकवीस दिवस वेगळी बांधावीत. बाजारातून येणारा आजार याच मुदतीत बाहेर पडतो.

झडीचे दिवस

पहिला पावसाळा हीच परीक्षा. इथल्या लोकांना झड म्हणजे काय हे सांगायला नको, पाच-सहा दिवस सूर्य दिसत नाही, अंगण चिखलाचं, कोठ्यात मुताचा वास. बकरीला थंडी-उन्हापेक्षा ओल जास्त मारते.

म्हणून कोठा मोठा नको, कोरडा हवा. मोठ्या बकरीला आत १० ते १२ चौरस फूट पुरतात. जमीन आसपासच्यापेक्षा फूटभर उंच, मुरूम ठोकलेली आणि उतार दिलेली. त्यावर बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांचं दीड-दोन फूट उंचीचं मचाण केलं तर लेंड्या-मूत खाली पडतं आणि बकरी कोरडी बसते. भिंतीला पैसा घालण्यापेक्षा या मचाणाला घालावा. वर टिन असेल तर उन्हाळ्यात त्यावर तुराट्या किंवा पऱ्हाटी पसरावी, आतला ताप बराच उतरतो. रात्री दार मात्र पक्कं हवं. मोकाट कुत्र्यांनी एका रात्रीत सगळी पिल्लं फाडल्याच्या घटना या भागाला नव्या नाहीत.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यात होते. आंत्रविषाराची लस मृगाच्या आधी टोचलेली हवी. पहिल्या पावसानंतरचं लुसलुशीत गवत पोटभर खाल्लं की आतड्यातले जंतू वेगाने वाढून विष सोडतात आणि धष्टपुष्ट दिसणारी बकरी सकाळी मेलेली सापडते. लोक नजर लागली म्हणतात. पहिल्यांदा टोचताना दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा, नंतर दरवर्षी एक. पीपीआर, म्हणजे शेळ्यांमधली बुळकांडी, हा दुसरा मोठा मारेकरी : ताप, नाकातून शेंबूड, तोंडात फोड, दुर्गंधी येणारी हगवण, आणि आठवड्यात कळप अर्धा. चार महिन्यांच्या पुढच्या पिल्लाला एकदा टोचलेली लस साधारण तीन वर्षं संरक्षण देते. लाळ्या-खुरकत, घटसर्प, देवी यांच्या लसी कधी टोचायच्या ते जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावं. या लसी बहुतेक वेळा सरकारी मोहिमेतच मिळतात. मोहिमेची तारीख कळली नाही म्हणून राहून जाणं, हे सगळ्यात जास्त दिसणारं कारण आहे.

जंताच्या औषधाबद्दल मत बदलत चाललं आहे. सगळ्या बकऱ्यांना ठरलेल्या तारखेला सरसकट औषध पाजत राहिलं की जंत त्याला दाद देईनासे होतात. दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांसाठी 'फामाचा' नावाची एक तपासणी निघाली, ती आता जगभर बकऱ्यांसाठीही वापरतात. खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघायचा. लालसर-गुलाबी असेल तर ठीक. फिकट किंवा पांढरी दिसली तर पोटातले जंत रक्त पीत आहेत. ज्यांची पापणी फिकी, त्यांनाच औषध. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ही पाहणी करायला तीन बकऱ्यांना पाच मिनिटं लागतात. औषध वजनानुसार द्यायचं, इथेही टेप कामी येतो. अल्बेंडाझोलसारखं औषध नुकत्याच गाभण राहिलेल्या बकरीला देऊ नये. पाजताना तोंड आकाशाकडे करून ओतायचं नाही. ठसका लागून औषध फुप्फुसात गेलं की औषधानेच निमोनिया होतो.

पिल्लांना झडीत रक्ती हगवण लागते, ती ओल्या-घाण जागेमुळे. मचाण आणि कोरडं तणस हे तिचं अर्धं औषध आहे.

घरात एक थर्मामीटर ठेवावा. बकरीचा नेहमीचा ताप १०२-१०३ फॅरनहाइटच्या आसपास असतो. १०४ च्या वर गेला, बकरी रवंथ करत नाही, एका बाजूला उभी राहते, तर उद्याची वाट न पाहता फोन करायचा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. अनेक गावांत 'उमेद'च्या बचत गटांमधून तयार झालेल्या पशुसखी आहेत, लसीकरणाची तारीख आणि साधे उपचार त्यांच्याकडून लवकर कळतात.

पिल्लू जन्मल्यानंतरचा पहिला तास

व्यायल्यावर नाळ दोन इंचांवर कापून टिंक्चर आयोडिन लावायचं, पिल्लू पुसून कोरडं करायचं आणि पहिल्या तासाच्या आत चीक पाजायचा. "जार पडल्याशिवाय दूध पाजू नये" ही समजूत अजून घरोघरी आहे आणि ती पिल्लं मारते. आईच्या अंगातली रोगाशी लढण्याची ताकद चिकातूनच पिल्लात जाते, आणि ती घेण्याची पिल्लाच्या आतड्याची क्षमता काही तासांतच ओसरते. जुळी-तिळी असतील तर अशक्त पिल्लाला हाताने धरून आचळाला लावावं.

तीन-चार महिन्यांचे झाले की बोकड पिल्लं वेगळी करायची किंवा दवाखान्यात नेऊन खच्ची करून घ्यायची. नाहीतर पाच महिन्यांची बहीण भावाकडूनच गाभण राहते, तिची वाढ तिथेच थांबते आणि पिल्लू मूठभर निघतं. पाट वर्षाच्या जवळ येऊन २२-२५ किलोची झाल्याशिवाय बोकडाकडे नेऊ नये.

हे कोण करणार?

ड्यूटी पाळीची असते. पुरुष रात्रपाळी करून सकाळी झोपतो, मुलं शाळेत. कुटार घालणं, पाणी भरणं, पापणी बघणं, व्याताना जागं राहणं हे घरातल्या बाईच्याच वाट्याला येतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण योजनेचा अर्ज, बँकेचं खातं, विम्याचा कागद आणि प्रशिक्षणाचं नाव पुष्कळदा नवऱ्याचं असतं. प्रशिक्षणाला जो जातो तो बकऱ्यांजवळ नसतो आणि जी बकऱ्यांजवळ असते तिला कोणी शिकवलेलं नसतं. एवढं एक उलटं केलं, तरी पहिल्या वर्षातली मर बरीच कमी होईल.

प्रशिक्षणासाठी लांब जावं लागत नाही. नागपुरात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आणि त्याचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कळमेश्वर तालुक्यात दुधबर्डी इथे विद्यापीठाचंच कृषी विज्ञान केंद्र आहे. रामटेक तालुक्यात बोंद्री इथे पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. आरसेटी या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत दहा दिवसांचं मोफत निवासी प्रशिक्षण असतं. चुलीपासून दहा दिवस निघणं जमत नसेल तर गावातल्या जुन्या बकरीवाल्याच्या कोठ्यात महिनाभर सकाळी तासभर मदत करावी. नाडी, पापणी, माज, लेंडी हे पुस्तकापेक्षा तिथे लवकर समजतं.

गाय-म्हैस घ्यावी का, हा प्रश्न सोबत येतोच. २०१६ पासून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या विदर्भ-मराठवाडा प्रकल्पामुळे मदर डेअरीचं दूध संकलन गावांपर्यंत पोहोचलं आणि रोजचा पैसा दिसू लागला. पण दुधाचं जनावर दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी, वर्षभर माणूस मागतं. पाळीच्या ड्यूटीच्या घराने ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ठरवावं. दहा-पंधरा गावरान कोंबड्या मात्र बकऱ्यांसोबत सहज होतात, मानमोडीची लस चुकवली नाही तर.

विक्री, विमा आणि वही

कानात बारा अंकी टॅग मारून घ्यावा. विमा काढायचा असेल तर तो लागतोच, आणि मेलेल्या जनावराचा दावाही टॅग व शवविच्छेदनाच्या दाखल्याशिवाय उभा राहत नाही. मेलेली बकरी आधी पुरून मग कागद शोधणाऱ्यांना काही मिळत नाही. पशुधन अभियानाच्या विमा योजनेत लाभार्थ्याचा हिस्सा हप्त्याच्या १५ टक्के ठेवलेला आहे. ती आपल्या भागात कधी सुरू आहे हे दवाखान्यात विचारावं.

बोकडाला सगळ्यात चांगला भाव बकरी ईदला. नागपूरच्या मोमिनपुऱ्यातल्या बकरा मंडीत तेव्हा गावागावांतून माल येतो. पण त्यासाठी बोकड वर्षाचा पूर्ण हवा, लंगडा, आंधळा, कान तुटका किंवा शिंग मुळातून मोडलेला चालत नाही. खच्ची केलेला चालतो. वर्षाचा बोकड हवा तर त्याची आई ईदेच्या किमान सतरा महिने आधी फळलेली असावी लागते. शिवाय ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२५ मध्ये ती ७ जूनला होती, २०२७ मध्ये मे महिन्याच्या मध्यावर येईल. म्हणजे मागच्या वर्षीच्या अंदाजाने पिल्लं काढली तर दोन आठवड्यांनी बोकड वयात कमी पडू शकतो. बाकी वर्षभर खाटिक दारात येऊन उक्तं मागतो, तेव्हा टेप काढून वजन सांगावं आणि चालू भाव दोन ठिकाणी विचारून मगच बोलावं.

कागदावर तीन बकऱ्या, वर्षाला दीड वेत, वेताला दीड पिल्लू धरलं तर पावणेसात पिल्लं येतात. मर, न फळलेली बकरी, उशिरा आलेला माज वजा जाता नवख्याने चार धरावीत. चारच्या हिशेबावर घर चालत असेल तर पाऊल टाकावं. प्रकल्प अहवालातल्या आकड्यावर कर्ज उचलू नये.

शेवटचं काम वहीचं. प्रत्येक बकरीला एक पान : आणली कधी, किती किलोची, माजावर कधी आली, कोणत्या बोकडाकडे नेली, कधी व्यायली, किती पिल्लं, त्यातली किती जगली, लस आणि औषध कधी. वर्ष संपलं की पानं समोर ठेवायची. जिने जुळी दिली आणि दोन्ही जगवली, तिची पाट घरात ठेवायची. जी दोनदा नेऊनही राहिली नाही, तिला पुढच्या उन्हाळ्याचं कुटार खाऊ घालण्याआधी विकायची, दिसायला कितीही देखणी असली तरी.